दाराची आतली बाजू

ट्रॉलरमधली माझी चार आण्यांची पाती विकली
आणि कऱ्हाडजवळच्या एका यार्डात जाऊन उभा राहिलो.
वीस टनी पोकलेन, पिवळंजर्द,
हळदीला बसवल्यासारखं.
थोरवत म्हणाले, एकाच मालकाचं आहे, मीटर बघा,
सहा हजार दोनशे तास.

मी बोनेटवर तळहात ठेवला.
गरम होतं.
बावीस वर्षं समुद्रात इंजिनाशेजारी झोपलेल्या माणसाला
पहाटेच चालू करून ठेवलेलं मशीन दाखवू नये.
म्हटलं, थोरवत, आधी जेवून घेऊ.
जेवण लांबवलं. भाकरी, आमटी, परत भाकरी,
मग त्यांच्या पुतण्याच्या लग्नाचा विषय.
चार वाजता चावी फिरवली तेव्हा ते खोकलं,
पांढरा धूर, मग निळसर, मग काहीच नाही.
हे चालतं मला. मीही असाच उठतो.

सत्तार भाटकरला नाट्याहून सोबत नेला होता.
त्याने बकेट टेकवून बूम दाबायला लावली,
टर्नटेबलच्या फटीत आगपेटीची काडी धरून बसला.
‘वायच हलतंय,’ म्हणाला, ‘पन दात शाबूत हायत.’
फिल्टर कापून त्यातलं तेल उन्हात धरलं,
सोनार शोधतो ती चमक
सापडू नये म्हणून.

चेनचे पिन एका अंगाने झिजलेले. स्टिकला वेल्डिंगचा जुना व्रण,
रंगाखालूनही हाताला लागणारा.
मी नाही म्हणणार होतो.
दार लावायला गेलो आणि आतल्या बाजूला,
जिथे रंगवणाऱ्याचा फवारा पोचला नव्हता,
खिळ्याने ओढलेल्या रेघा.
पाच-पाचच्या जुड्या. शेवटी तीन सुट्या.
वर कोरलेलं: तेल बदली.
अठ्ठावन्न.
अडीचशे तासांना एक धरली तर साडेचौदा हजार.

एकेचाळिसाव्या रेघेनंतर हात बदलला होता,
पुढच्या रेघा डावीकडे झुकलेल्या.
कोण होते ते दोघे, थोरवतांना माहीत नव्हतं,
किंवा सांगायचं नव्हतं.
मीटर फिरवता येतो.
अठ्ठावन्न वेळा गाडीखाली सरपटत जाऊन
काळं तेल कोपरापर्यंत ओघळू देणं
फिरवता येत नाही.
साडेअकरा लाख म्हणत होते. त्यांना दार दाखवलं.
साडेनऊला तुटलं.

आंबा घाटात ट्रेलर दोनदा थांबला.

आता ते सड्यावर असतं, चिरेखाणीच्या कडेला.
समुद्र इथून दिसत नाही,
पण रात्री येऊन सिलिंडरचे रॉड चाटून जातो.
म्हणून काम संपलं की रॉड आत ओढायचे,
उरलेल्या बोटभर चकाकीवर ग्रीस थापायचं.
‘ग्रीस आधी, चाय मागनं,’ सत्तार सांगतो.
निपल सतरा. त्यातला एक मेलेला,
तो जिवंत करायला मला सबंध रविवार लागला.
एकदा पाइप फुटला, उकळतं तेल काचेवर,
जांभ्याच्या लाल धुळीत त्याचा चिखल झाला
आणि राजापूरहून नवा पाइप येईपर्यंत
चार मजूर करवंदीच्या सावलीत पत्ते कुटत बसले,
माझ्या हजेरीवर.
सुलक्षणा हिशेब बोटीच्याच वहीत लिहिते.
‘बर्फ’ खोडून ‘ग्रीस’.
‘जाळी’ खोडून ‘बकेटचे दात’.
‘डिझेल’ तसंच.

रेघा सदुसष्ट झाल्या.
माझ्या जरा लांब येतात,
बोटीच्या फळीवर खुणा करायची सवय.
पावसाळ्यात खाण बंद असते तेव्हाही
आठवड्यातून एकदा जाऊन चालू करतो,
ताडपत्रीखाली तासभर बसतो,
काही न खणता.

पुढेमागे हेही विकावं लागेल.
कोणीतरी येईल, मीटरकडे बघेल.
मी तेव्हा पहाटे उठून इंजिन गरम करून ठेवीन का,
आज सांगत नाही.
रंग मात्र मारीन, तो सगळेच मारतात,
बूमला, बोनेटला, दाराला
बाहेरून.